वाजंत्र्यांची गाडी

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा घरी आला. छत्री दारात उभी करून ठेवली, बसला आणि म्हणाला, "मामू, गाडी घ्यायचीय. बघायला चला की."

मी त्याला म्हटलं, "अरे, मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तेसुद्धा इतिहास घेऊन. मला गाडीतलं काय कळतंय?"

तो म्हणाला, "म्हणूनच तुम्ही पाहिजे. गाडीचं सांगणारे पन्नास आहेत. आमचं सांगणारं कोण नाही."

भाच्याची बेंजो पार्टी आहे. कोल्हापुरात या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशा, हलगी आणि मोठे स्पीकर घेऊन लग्नाच्या वरातीत, जत्रेत, गणपतीत वाजवणारी नऊ पोरं. दिवसा कुणी गॅरेजात, कुणी बांगडीच्या दुकानात, कुणी गुळाच्या अडतीवर. आजवर ते भाड्याचा टेम्पो करत होते. आता त्यांना स्वतःची गाडी हवी होती. प्रश्न एवढाच, की कुठली?

प्रश्न साधा वाटतो, पण आमच्या घरात तो साधा नव्हता. का नव्हता, ते पुढे सांगतो. आधी मला त्या दिवशी जे आठवत गेलं ते सांगायला हवं. माणूस गाणं म्हणतो, वाद्य वाजवतो, त्याचा इतिहास आपण लिहून ठेवतो. तो आणि त्याची वाद्यं एका गावाहून दुसऱ्या गावाला कशी गेली, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. त्याच्या गाण्याचा आकार ठरवण्यात त्या प्रवासाचा मोठा वाटा असतो.

आपल्याकडचा सर्वांत हलका कलावंत म्हणजे शाहीर. एक डफ, एक तुणतुणं, फार तर एक ढोलकी आणि झांज. डफ काखेत मारला, तुणतुणं खांद्याला लावलं की निघाला. त्याला गाडी लागत नाही. आमच्या कोल्हापूरला शाहिरांची मोठी परंपरा आहे. लहरी हैदर झाले, पिराजीराव सरनाईक झाले. या मंडळींचा आवाज हीच त्यांची मुख्य सामग्री होती आणि आवाजाला लगेजचं भाडं पडत नाही. तालमीच्या कट्ट्यावर, देवळाच्या ओट्यावर, पिराच्या उरुसात, जिथं दहा माणसं जमतील तिथं शाहीर उभा राहू शकत होता.

अमर शेखांची गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शीत १९१६ साली जन्म. घरात दारिद्र्य, म्हणून लहान वयात मोटारीवर क्लीनर म्हणून राबले, नंतर गिरणीत काम केलं. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत आले. 'अमर शेख' हे नाव त्यांना कोल्हापुरातच मिळालं. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढून त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर मैदानंच्या मैदानं गाजवली. हे पथक एवढं फिरू शकलं त्याचं एक कारण त्यांच्या हातातल्या सामानात आहे. पोलिसांनी एका गावात बंदी घातली तर पुढच्या गावी जायला त्यांना ट्रक बोलवावा लागत नव्हता. डफ उचलला की झालं. असा हा माणूस १९६९ साली मोटारीच्या अपघातात गेला. मोटारीच्या क्लीनरपासून सुरू झालेलं आयुष्य मोटारीतच संपलं. अमर शेखांची गाणी ऐकताना मला हे विसरता येत नाही.

शाहिरानंतर येतो तमाशा, आणि तमाशाबरोबर बैलगाडी. तमाशाला नुसता डफ पुरत नाही. ढोलकी, हलगी, कडी, तुणतुणं, झांज, शिवाय कपड्यांच्या पेट्या, दिवे, स्वयंपाकाची भांडी आणि अंगावरचं मूल घेऊन निघालेल्या बायका. बैलगाडीचा हिशेब सरळ असतो. दिवसभरात बैल जेवढं चालतील तेवढ्याच अंतरावर पुढचा खेळ. म्हणून जुन्या फडांचा मुलूख ठरलेला असायचा. या जत्रेतून त्या जत्रेत, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात. सुगी झाली की बैल मोकळे होतात, रस्ते कोरडे होतात आणि गावाच्या हातात चार पैसे असतात. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन वैशाखापर्यंत चालतो, तो उगीच नाही. त्या हंगामाच्या मागे पाऊस आहे, पीक आहे आणि चिखलात रुतणारं चाकही आहे.

मग आली आगगाडी. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग संस्थानानं बांधला. १८८८ साली कामाचा आरंभ झाला, तेव्हा शाहू महाराज अजून गादीवर बसायचे होते. १८९१ साली गाडी सुरू झाली. अंतर सुमारे ४७ किलोमीटर, पण या ४७ किलोमीटरनी कोल्हापूरला मुंबई, पुणे, हुबळी, बेळगावशी जोडून टाकलं. गूळ बाहेर गेला हे सगळे सांगतात. नाटकही याच वाटेनं आलं आणि गेलं.

संगीत नाटक ही वजनदार कला. वजनदार म्हणजे अक्षरशः वजनाची. एकेक पडदा स्टेजच्या रुंदीचा, तेलरंगात रंगवलेला, लाकडी दांड्याला गुंडाळलेला. हे पडदे रंगवण्यात आमच्या कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नावाजलेले होते. सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. असा पडदा बैलगाडीत मावत नाही. मावला तरी खड्ड्यातल्या आचक्यांनी रंगाचे पोपडे पडणार. त्याशिवाय ऑर्गन, पायपेटी, तबले, सारंग्या, शालूंच्या ट्रंका, दागिन्यांच्या पेट्या, आचारी आणि त्याची पातेली. एक अख्खं बिऱ्हाडच. आगगाडी नसती तर नाटक कंपन्यांनी एवढा पसारा मांडलाच नसता, असं मला वाटतं.

केशवराव भोसले कोल्हापूरचे. जन्म ९ ऑगस्ट १८९०. त्यांनी ललितकलादर्श ही कंपनी १९०८ साली काढली ती हुबळीला. कोल्हापूरच्या माणसानं हुबळीला कंपनी काढायची आणि मुंबईला नाव गाजवायचं, हे लोखंडी रुळांमुळे सोपं झालं. १९२१ च्या जुलैत मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं, त्याची आठवण अजून निघते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय अवघं एकतीस. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर पुढं त्यांच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. ते थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेजवळ उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणी काही बोलत नव्हतं.

आगगाडीनं गवयांनाही दूर नेलं. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची घराणी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. भोपळा पंढरपूरकडून येतो, लाकूड आणखी कुठून, आणि तयार तंबोरा देशभर जातो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळलेलं फळ. एक धक्का बसला की तडा गेला. म्हणून पूर्वीचे गवई स्वतः कसेही बसतील, पण तंबोऱ्याला शेजारी जागा करून देतील. याच मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पुदुच्चेरीकडे आगगाडीनं निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथं फलाटावरच त्यांनी प्राण सोडला. त्यांची मजार मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि तिथं दरवर्षी गवई येऊन हजेरी लावतात. कलावंताचं घर रस्त्यावरच असतं, असं आपण सहज बोलून जातो. काहींच्या बाबतीत ते फार खरं ठरतं.

पुढची पायरी ट्रकची. दुसरं महायुद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक तयार होऊ लागले. डांबरी सडका वाढल्या. तमाशाच्या फडानं बैल सोडले आणि ट्रक धरला. त्याबरोबर फड मोठा झाला. कनात, तंबू, लोखंडी खांब, फळ्यांचं स्टेज, जनरेटर, कर्णे. कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड आमच्या भागात यायचा तेव्हा आदल्या दिवशीच ट्रकभोवती पोरांची गर्दी व्हायची. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव तर फडांची पंढरीच झालं. तिथं चैत्राच्या आसपास राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात. मोठ्या फडात शंभराच्या पुढं माणसं असतात. एवढी माणसं आणि एवढं सामान रात्रीत पुढच्या गावी न्यायचं म्हणजे ट्रकांचा ताफाच लागतो.

इथं एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तमाशाच्या दोन तऱ्हा आहेत. ढोलकी फडाचा तमाशा गावोगाव फिरतो. संगीत बारी एका थिएटरात मुक्काम ठोकते आणि रसिक तिच्याकडे जातात. पहिल्याचा खर्च गाडीत, डिझेलात आणि हमालीत जातो. दुसरीला तो नाही. म्हणून २०२० आणि २०२१ साली करोनात जत्रा बंद पडल्या तेव्हा फडमालकांवर दुहेरी संकट आलं. खेळ बंद होते आणि दारात ट्रक उभे होते. उभ्या ट्रकाचेही हप्ते फिटावे लागतात.

आता टेम्पो. आपण मालवाहू छोट्या गाडीला सरसकट टेम्पो म्हणतो. हा शब्द मराठीत कुठून आला? जर्मनीत हॅम्बुर्गजवळ एक कारखाना होता, त्याच्या तीनचाकी गाडीचं नाव 'टेम्पो'. पन्नासच्या दशकात ती गाडी आपल्याकडे आली, १९५८ साली पुण्याची बजाज टेम्पो कंपनी झाली आणि नाकाड असलेली ती तीनचाकी गावोगाव दिसू लागली. १९६९ साली तिची मॅटाडोर आली. २००५ साली कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडून टेम्पो गेला नाही. गंमत म्हणजे 'टेम्पो' हा मूळचा इटालियन संगीतातला शब्द. त्याचा अर्थ लय, गाण्याचा वेग. आमच्या बँडवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. ते बिचारे टेम्पोतून ढोल न्यायचे आणि उतरून लय धरायचे.

आमच्या घरातली गोष्ट इथून सुरू होते.

माझे अब्बा ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. पलटणीच्या बँडवरून आपल्याकडे लग्नाचा बँड आला, हे त्यांना माहीत होतं. लाल कोट घालताना ते आरशात बघून म्हणायचे, "पगार नाही, पण वर्दी आहे." त्यांचा बँड चौदा माणसांचा. सगळ्या जातीधर्मांचे. लग्न कुणाचंही असो, गणपती कुणाचाही असो, मोहरमचा पंजा कुठलाही असो, बँड तोच. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो, गॅसबत्ती धरायला. रात्रीचे दोन रुपये आणि पोटभर जेवण.

प्रवास टेम्पोतून. खाली सामान आणि सामानावर माणसं. सगळ्यात खाली मोठा ढोल, त्याला टेकून युफोनियम, पितळी कर्णे गोणपाटात गुंडाळलेले, वर सतरंजी आणि सतरंजीवर आम्ही. वारा लागायचा, तारे दिसायचे, कुणीतरी गाणं सुरू करायचं. ते दिवस मला तेव्हा फार सुखाचे वाटायचे. जकात नाक्यावर गाडी अडवायचे. एकदा एका नाक्यावरचा कारकून म्हणाला, "एवढं पितळ कुठं विकायला चाललाय?" अब्बांनी काही न बोलता पेटी उघडली, क्लॅरोनेट जोडली आणि तिथंच वाजवायला सुरुवात केली. कारकुनानं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि फाटक वर केलं. हा किस्सा अब्बा आयुष्यभर सांगायचे. दुसरा किस्सा त्यांनी कधीच सांगितला नाही. तो मी सांगतो.

१९८५ सालचा मे महिना. मी नववीची परीक्षा दिली होती. तळकोकणातलं एक लग्न वाजवून आम्ही फोंडा घाटानं वर येत होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. माणसं दमून सामानावर आडवी झाली होती. एका वळणावर दोर सुटला. मोठा ढोल सरकला, त्याच्यावरची लोखंडी पेटी सरकली आणि आमचे ढोलवाले चाचा त्या दोन्हींबरोबर फाळक्यावरून खाली गेले. गाडी थांबली. अंधारात आम्ही बत्ती पेटवली. मीच पेटवली, कारण ते माझं काम होतं. माझे हात इतके कापत होते की काडी तीनदा विझली.

चाचा वाचले, पण पाय मांडीत मोडला होता. तो नीट जुळला नाही. ज्या माणसानं तीस वर्षं ढोल गळ्यात घालून मैलोन् मैल चालत वाजवला, तो नंतर दहा पावलं चालताना भिंत धरायचा. विम्याचं विचारायला अब्बा गेले. त्यांना उत्तर मिळालं, की ही मालाची गाडी आहे, तिच्यात माणसं नव्हतीच असं कायदा धरतो. अब्बा म्हणाले, "साहेब, ती माणसं होती, मी त्यांना नावानं ओळखतो." पण उत्तर बदललं नाही. त्या महिन्यात अब्बांनी आपली क्लॅरोनेट विकली. दवाखान्याचं बिल भागवलं. पुढची चार वर्षं ते दुसऱ्याची मागून आणलेली क्लॅरोनेट वाजवत होते. तिची एक चावी सैल होती. ऐकणाऱ्याला कळायचं नाही, आम्हाला कळायचं.

त्या रात्रीनंतर अब्बांनी नियम केला: आधी माणसं, मग वाजंत्री. माणसं एस.टी.नं जातील, सामान टेम्पोनं येईल. बँडातल्या काहींना ते पटलं नाही. तिकिटाचे पैसे सुपारीतून वजा व्हायचे. दोघं-तिघं सोडून दुसऱ्या बँडात गेले, जिथं सामानावर बसायची मुभा होती. अब्बांनी त्यांना दोष दिला नाही. पण नियमही बदलला नाही.

म्हणून भाचा गाडी घ्यायची म्हणाला तेव्हा माझ्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या अम्मीनं, आतूनच विचारलं, "माणसं कुठं बसणार?"

भाच्याच्या मनात दोन गाड्या होत्या. एक छोटा हत्ती. टाटांनी २००५ साली ही गाडी बाजारात आणली तेव्हा तिनं छोट्या धंदेवाल्यांचं जगच बदललं. गल्लीत वळते, तेल कमी खाते, हप्ता झेपतो. भाजीवाला, दूधवाला, मंडपवाला आणि बेंजोवाला, सगळ्यांना ती आपली वाटली. दुसरी, मोठी पिकअप. जास्त ताकद, जास्त हौदा, जास्त हप्ता. १९८६ साली आलेली चारशे सात तर अजूनही ऑर्केस्ट्रावाल्यांची लाडकी आहे, पण ती त्यांच्या ऐपतीबाहेर होती.

मी म्हटलं, "आधी वजन करूया." पोरं हसली. पण आम्ही सगळं सामान भाड्याच्या टेम्पोत भरलं आणि मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर नेलं. जिथं गुळाचं वजन होतं तिथं कीबोर्ड आणि हलगीचं झालं. रिकाम्या टेम्पोचं वजन वजा करून सामान भरलं साधारण साडेसहाशे किलो. त्यातला निम्म्याहून अधिक भार दोन मोठ्या बेस स्पीकरांचा, ॲम्प्लिफायरचा आणि जनरेटरचा. वाद्यं म्हणावीत अशी सगळी मिळून शंभर किलोसुद्धा नव्हती. मग नऊ पोरं. सरासरी पासष्ट किलो धरा, पावणेसहाशे झाली. छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. सामान मावतं. सामान आणि माणसं मिळून होतात सव्वा टन. गगनबावड्याच्या घाटात, पावसात, रात्री.

"पण सगळेच बसतात की मामू," एकजण म्हणाला.

मग मी त्यांना कायदा सांगितला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मालाच्या गाडीत माणसं भरता येत नाहीत. पुढं दुरुस्ती झाली, मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बरोबर असला तर त्याला विम्याचं छत्र मिळालं. पण हौद्यात फुकट बसून आलेल्या माणसासाठी विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली स्पष्ट केलं. म्हणजे अब्बांना १९८५ साली जे तोंडी सांगितलं गेलं, तेच थोड्याबहुत फरकानं आजही उभं आहे. नंतर मी त्यांना फोंडा घाट सांगितला. ढोलवाले चाचा त्यांच्यापैकी एकाचे आजोबा होते. त्या पोराला पाय कशानं गेला ते ठाऊकच नव्हतं. घरात त्याला 'पडले होते' एवढंच सांगितलं होतं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या पोरानंच विचारलं, "बेस काढले तर?"

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. आज आमच्या भागात मिरवणूक म्हटली की डॉल्बी. ट्रॉलीवर किंवा ट्रकवर स्पीकरची भिंत उभी करतात, लाइट लावतात, एक माणूस लॅपटॉप घेऊन बसतो. पूर्वी गाडी वाद्यं वाहून न्यायची आणि माणूस उतरून वाजवायचा. आता गाडीच वाजते. चौदा माणसांच्या बँडचं काम एका माणसावर आलं. आवाजाचे नियम २००० साली झाले, रात्री दहानंतर बंदी आहे, दरवर्षी पोलीस आणि मंडळं यांची ओढाताण होते. पण माझं दुखणं नुसत्या आवाजाचं नाही. अब्बांच्या बँडातली चौदा घरं त्या पितळेवर जेवत होती. बेंजो पार्टीची पोरं बेस स्पीकर लावतात ते हौसेनं नव्हे. डॉल्बीसमोर आपण ऐकूच येणार नाही, या भीतीनं. आणि ते बेस वाहायला मोठी गाडी लागते, मोठ्या गाडीला मोठा हप्ता, हप्त्याला जास्त सुपाऱ्या, जास्त सुपाऱ्यांना रात्रीचे लांबचे प्रवास. ढोलवाले चाचा ज्या वळणावर पडले, त्याच वळणावर हे सगळं नेऊन सोडतं.

पोरांनी चार दिवस वाद घातला. भाचा म्हणाला, "बेस काढले तर सुपारी कमी मिळणार." ते खरंच होतं. मी त्याला काही शिकवायला गेलो नाही. माझी पेन्शन आहे, त्याचं पोट आहे. बहीण मात्र एकच वाक्य धरून बसली होती.

शेवटी त्यांनी जुनी, दोन ओळींच्या सीटची पिकअप घेतली. डबल केबिन म्हणतात तिला. पुढं आणि मागं मिळून चालकासह पाचजण कायदेशीर बसतात, मागं हौदा लहान, पण वाद्यं, दोन मध्यम स्पीकर आणि जनरेटर मावतो. भाचाच चालवतो. राहिलेले चौघं दुपारच्या एस.टी.नं पुढं जातात. परतीला एस.टी. नसते, म्हणून सुपारी ठरवतानाच जेवण आणि मुक्काम मागून घेतात. वाजवून झालं की गावातच झोपायचं, सकाळी निघायचं. मला हसू आलं. बैलगाडीच्या काळातला फड हेच करत होता. हौद्यावर त्यांनी ताडपत्री बांधली, दोर बदलला आणि आत दोन्ही बाजूंना कड्या ठोकून घेतल्या. दोर कुठं बांधायचा ते त्या ढोलवाल्या चाचांच्या नातवानं ठरवलं.

हिशेब गोड झाला असं मी सांगणार नाही. गेल्या हंगामात त्यांच्या तीन सुपाऱ्या डॉल्बीकडे गेल्या. एका मंडळानं तर विचारलं, "बेस नाही तर मग वाजवणार काय?" पण एका गावात उलटं झालं. बेस नव्हते म्हणून पोरांनी मधेच कीबोर्ड बंद केला आणि नुसती हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना थांबवून ठेवलं, दहा वाजेपर्यंत. पुढच्या जत्रेची सुपारी तिथंच दिली. नफा-तोटा अजून काठावर आहे. हप्ते तीन वर्षांचे आहेत.

पहिल्या लांबच्या सुपारीला ते गगनबावड्याच्या पलीकडे गेले होते. रात्री मला झोप येईना. बहिणीलाही येत नव्हती, हे मला तिच्या खोलीतल्या दिव्यावरून कळत होतं. अकराच्या सुमाराला फोन वाजला. भाचा म्हणाला, "मामू, वाजवून झालं. शाळेच्या वऱ्हांड्यात झोपतोय. सकाळी निघतो."

मी विचारलं, "किती जण आहात?"

"नऊ," तो म्हणाला. "मोजूनच फोन केलाय."

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)